फिन चार सूत पुढे

त्याला सगळे भिंगरी म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी उन्हानं इतकी उडाली होती की ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. बावन्न वर्षांचा माणूस, पण चहा उभ्यानं प्यायचा, जेवताना मध्येच उठून खिडकीची कडी हलवून बघायचा आणि मग पुन्हा पानावर यायचा. धंदा सुतारकामाचा. स्वयंपाकघरातली कपाटं, दारं, खिडक्या. काम चोख, पण काम संपवणं त्याला जमत नसे. कपाट बसवून आला की तिसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी हजर. दार उघड, दार लाव, कान लावून ऐक. एकदा एका घरी तो म्हणाला की वरच्या बिजागरीची कुरकुर ऐकू येतेय. त्यावर त्या घरच्या सुनेनं हळूच सांगितलं, "ती बिजागरी नाही, आतल्या खोलीत आमच्या सासूबाई आहेत."

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, दांड्या वाकवायच्या, स्क्रू पिळायचे. ती शांत. दोघांपैकी एकानं तरी शांत असावं लागतं, असं ती म्हणायची.

आणि त्याची एक बहीण होती, अकरा वर्षांनी धाकटी. घरात तिला धाकटीच म्हणत. समुद्रकिनाऱ्यावरच्या चौकीत ती जीवरक्षक होती, सोळा वर्षं. बुडणाऱ्यांना बाहेर काढायचं, आणि ज्यांना बुडायची फार हौस आहे त्यांना शिट्टी मारून परत बोलवायचं. किनाऱ्याजवळ एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत ती एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं, पण करायचं राहून गेलं असंही नव्हतं. कामावर जायच्या आधी, सकाळी सकाळी, ती स्वतःची सर्फिंगची फळी घेऊन लाटांवर जायची. तेवढा एक तास तिचा स्वतःचा.

तिची ती जुनी फळी एका हिवाळ्यात खडकावर आपटून मधोमध तुटली. बारा वर्षं वापरलेली. तिनं ही गोष्ट भावाकडे जेवताना सांगितली, कोणी कप फुटल्याचं सांगावं तशी.

भिंगरीचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "मी करून देतो. लाकडाची."

"दादा, ते कपाट नाहीये," धाकटी म्हणाली.

झालं. हे वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं ते बसलंच. दुसऱ्या दिवशी त्यानं फळीचे दोन्ही तुकडे दुकानात आणले, टेबलावर जोडून ठेवले, कागद पसरून त्यांचा आकार उतरवला. पुढचे पाच महिने गिऱ्हाइकांनी फोन करायचे आणि यानं उद्या येतो म्हणायचं. पातळ प्लायवूडच्या बरगड्या कापल्या, त्या मधल्या कण्यावर उभ्या केल्या. माशाचं मांस काढून घेतल्यावर उरतो तसा सांगाडा दिसायचा. त्यावर पाइनच्या पट्ट्या रंधून, वाफेवर वाकवून, शिकंज्यात धरून एकेक चिकटवली. आतून पोकळ, बाहेरून नऊ फूट लांब. पॉलिशपेपर मारता मारता त्याच्या बोटांचे ठसे पुसट झाले. बायकोनं स्वयंपाकघरातल्या मोडक्या खणाची आठवण चार वेळा करून दिली, पाचव्यांदा तिनं तो खण काढून माळ्यावर टाकला.

सगळ्यात शेवटी फिन. फिन म्हणजे फळीच्या पोटाखाली, शेपटीकडे उभा बसवलेला एक पातळ तुकडा, माशाच्या परासारखा. तो पाण्यात धरून ठेवतो म्हणून फळी सरळ चालते, आणि मागचा पाय शेपटीवर दाबला की त्याच्याभोवतीच ती वळते. फिन मागे असली तर फळी सरळ आणि हट्टी, पुढे आणली तर चपळ आणि चंचल. भिंगरीनं कठीण लाकडाचे तीन तुकडे चिकटवून फिन केली, कडा पानासारख्या पातळ केल्या. जागा जुन्या फळीवरूनच घेतली, शेपटीपासून सात इंच. दोरी ताणून मधली रेघ मारली, गुण्या लावून काटकोन तीनदा बघितला, आणि इपॉक्सी लावून फिन कायमची बसवून टाकली.

कायमची हा शब्द त्या फळीच्या बाबतीत सहा दिवस टिकला.

पहिल्या सकाळी धाकटी पाण्यात गेली आणि हा वाळूवर इकडून तिकडे. ती दोन-तीन लाटांवर आली, बाहेर पडली, फळीवरून हात फिरवला. म्हणाली, "छान आहे."

"छान म्हणजे?"

"म्हणजे छान."

"वळते?"

"वळते की." मग केस पिळत म्हणाली, "जरा अडते. पण सवय होईल."

सवय तिला झाली असती. त्याला होणार नव्हती. त्या "जरा"नं त्याचं जेवण गेलं. धाकटीला बोलतं करणं म्हणजे गंजलेला खिळा उपटणं. कुठे अडते, डावीकडे की उजवीकडे, सुरुवातीला की मध्येच, असं त्यानं फोनवर विचारलं की ती म्हणायची, "बरी आहे रे दादा, किती विचारशील." शेवटी त्यानं फळी गाडीच्या टपावर घालून दुकानात आणली, बारीक करवतीनं फिन कापून काढली आणि चार सूत पुढे बसवली. चार सूत म्हणजे अर्धा इंच. दारांच्या कामात अर्धा इंच म्हणजे अनर्थ, म्हणून त्याला वाटलं एवढं पुरे.

पंधरा दिवस ती म्हणाली, आता बरी आहे. मग एके दिवशी पुन्हा, जरा अडते.

पुन्हा करवत, पुन्हा चार सूत. फळीच्या पोटाला ठिगळं दिसायला लागली. तिसऱ्यांदा मात्र त्यानं डोकं चालवलं. फिन चिकटवण्याऐवजी फळीच्या पोटात दहा इंच लांब खाच कोरली, तिला कठीण लाकडाचं अस्तर दिलं, आणि फिन त्या खाचेत मागेपुढे सरकेल आणि एका स्क्रूनं घट्ट होईल अशी सोय केली. खाचेच्या कडेला पेन्सिलनं सुतासुताच्या खुणा केल्या. आता फिन हलवायला दोन मिनिटं पुरत. माणूस स्वस्थ असता तर एवढ्यावर निवांत झाला असता. याच्या हातात मात्र ती दोन मिनिटं म्हणजे नवा छळ होता. दर रविवारी सकाळी हा स्क्रूड्रायव्हर घेऊन किनाऱ्यावर. ती एक लाट घेऊन आली की हा गुडघाभर पाण्यात.

"कशी?"

"ठीक आहे."

"अडते?"

"थोडीशी."

आणि फिन आणखी दोन सूत पुढे. असं करत करत तीन महिन्यांत ती फिन मूळ जागेपासून जवळजवळ तीन इंच पुढे आली. पेन्सिलच्या खुणा संपत आल्या.

त्याला काही सुचेना. जुन्या फळीवर जी जागा बारा वर्षं चालली ती या फळीवर का चालू नये? त्यानं आधी फिनवर संशय घेतला, दुसरी केली, आणखी पातळ. मग वाटलं फळीच्या पोटात पाणी शिरलंय, म्हणून वजनकाट्यावर चढवली. वजन तेवढंच. मग वाटलं कणा पिळवटलाय. दोन टोकांना दोन पट्ट्या ठेवून, एक डोळा मिटून, तो अर्धा तास फळीकडे बघत राहिला. कणा सरळ होता. त्याच आठवड्यात त्यानं एका गिऱ्हाइकाचं दार चार सूत आखूड कापलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण याला दोन दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा देववेना.

किनाऱ्यावर फळ्या भाड्यानं देणारा एक जाडा माणूस होता. त्याला कप्तान म्हणत. जहाजाशी त्याचा संबंध डोक्यावरच्या टोपीपुरता, पण लाटांवर मात्र तरबेज. भिंगरी एके सकाळी फळी घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, चालवून सांग, आणि ठीक आहे एवढं मात्र म्हणू नकोस.

कप्तान गेला. पहिल्याच लाटेवर, वळायला म्हणून त्यानं मागचा पाय दाबला, तशी शेपटी सरकली आणि तो धडाम पाण्यात. दुसऱ्या लाटेवर तेच. तिसरी त्यानं घेतलीच नाही. बाहेर येऊन नाकातलं पाणी काढत म्हणाला, "साबणावर उभा राहिलो असतो तर बरं झालं असतं. फिन इतकी पुढे कोणी बसवली?"

"मी," भिंगरी म्हणाला. मग त्यानं स्क्रू सैल केला, फिन सरळ मागे, पहिल्या खुणेवर नेली आणि त्याला पुन्हा पाण्यात धाडलं.

या वेळी कप्तान परतच येईना. सहा-सात लाटा झाल्या. आला तेव्हा फळी काखेतून सोडायला तयार नव्हता. असली गोड वळणारी फळी आपल्या भाड्याच्या चाळीस फळ्यांत एक नाही, असं म्हणून त्यानं वर विचारलं की आणखी एक करशील का.

हे ऐकून दुसऱ्या कोणाची छाती फुगली असती. याला घटकाभर बरं वाटलं आणि पुढच्याच क्षणी पहिल्यापेक्षा वाईट. सात इंचांवर कप्तानला गोड लागते ती फळी धाकटीला का अडते? आणि धाकटीला जिथे बरी लागते तिथे कप्तान का आपटतो? फळी एक, लाटा त्याच. कप्तान जाडा खरा, पण उंची सारखीच, उभं राहायची ढब सारखीच, डावा पाय पुढे, उजवा मागे.

तो तसाच, ओल्या पँटनं, बायकोच्या दुकानात गेला. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. ती दिव्याखाली एका चष्म्याची दांडी तापवून वाकवत होती. त्यानं काउंटरपुढे येरझाऱ्या घालत सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"तू फळीच बघतोयस," ती म्हणाली.

"मग काय बघू?"

"माझ्याकडे लोक येतात. चष्मा कसा बसलाय विचारलं की म्हणतात, छान. दहातले आठ खोटं बोलतात. मुद्दाम नाही, त्यांनाही कळत नसतं. मी त्यांचा चष्मा बघत नाही, मान बघते. चष्मा वाकडा असला की माणूस मान वाकडी धरतो." तिनं दांडी फुंकून गार केली. "आणि कधी कधी चष्मा सरळच असतो. कानच खालीवर असतात. ते कोणी सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी, कामाचा वार असून, तो सकाळी किनाऱ्यावर गेला. धाकटीला कळवलं नाही. कप्तानच्या टपरीमागे उभा राहिला. फिन त्यानं पुन्हा तिच्या जागी, तीन इंच पुढे, करून ठेवली होती. आज त्यानं फळीकडे बघायचंच नाही असं ठरवलं, आणि ते त्याला फार जड गेलं.

धाकटीनं लाट धरली. दोन्ही हात टेकले, उसळी घेतली. डावा पाय पुढे पडला, नेमका, मांजरीसारखा. उजवा पाय मागून आला, पण उशिरा आला. तो शेपटीवर पडायला हवा होता, तो मधेच कुठेतरी टेकला, घासत थोडा मागे गेला आणि तिथेच राहिला. सगळं वजन पुढच्या पायावर. ती मागे दाबतच नव्हती. दुसरी लाट, पुन्हा तेच. मग ती बाहेर आली. ओल्या वाळूवरून चालत चौकीकडे गेली. भिंगरी तिच्या मागे उमटलेल्या पावलांपाशी येऊन वाकला. डावं पाऊल स्वच्छ उमटलेलं. उजव्याच्या पुढे प्रत्येक वेळी एक बोटभर रेघ, अंगठा ओढल्याची.

चौकीच्या मागे, सामान ठेवायच्या खोलीत, फळी भिंतीला टेकवलेली होती. पाय घसरू नये म्हणून फळीच्या पाठीवर मेण घासतात. पुढच्या पायाच्या जागी ते मेण दाबून दाबून गोल, गुळगुळीत झालं होतं. मागच्या पायाच्या जागी गोल नव्हताच. गोगलगाय गेल्यासारखा एक लांब पट्टा होता. शेपटीवरचं मेण तर, कप्तानचा कालचा ठसा सोडला तर, कोरं, पाय न लागलेलं. त्यानं त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

इतके दिवस फिन अडत नव्हती. फिनला वळवणारा पायच मागे पोचत नव्हता. आणि तो दर रविवारी चार सूत, दोन सूत करत तिचा पाय झाकत आला होता.

धाकटी टॉवेलनं केस पुसत आत आली, त्याला बघून थबकली.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"काय किती दिवस?"

"पाय."

ती फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झोपेत अवघडला होता."

"इतके महिने झोपली होतीस?"

तेव्हा मग, टॉवेल हातात गुंडाळत, तुटक तुटक, तिनं सांगितलं. हिवाळ्यात बचावाची होडी ओढताना कमरेत चमक आली. कमर आठवड्यात बरी झाली, पण उजव्या पायाचा अंगठा बधिर राहिला. मग पाऊल वर उचलेना. पायऱ्या चढताना ठेच लागायची. जुनी फळी खडकावर आपटली तीही त्याच दिवसांतली गोष्ट. तिला वाटलं जाईल हळूहळू. सांगितलं नाही, कारण वार्षिक परीक्षा व्हायची होती, आणि आता तर ती दोन महिन्यांवर आली होती. वाळूत धावायचं, मग पोहायचं, घड्याळ लावून. नापास झालं की पाण्यातलं काम बंद.

"मी दुसरं काही शिकले नाही, दादा," ती म्हणाली.

त्यानं फळी उलटी केली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, स्क्रू पूर्ण सोडला आणि फिन खिशात घातली.

"डॉक्टरकडे जा. मग देतो."

धाकटीचा चेहरा कठीण झाला. "फिन घेऊन गेलास म्हणून मी पाण्यात जायची थांबणार आहे? चौकीची फळी आहे माझ्याकडे."

"माहितीय. पण माझ्या फळीवर उभी राहून मी तुला खोटं बोलू देणार नाही. इतके दिवस मीच मदत केली."

"जा तू," ती म्हणाली.

तो गेला. पुढचे नऊ दिवस तिनं फोन उचलला नाही. ते नऊ दिवस त्यानं कसे काढले ते त्याच्या बायकोला विचारावं. माळ्यावर टाकलेला खण त्यानं काढून दुरुस्त केला, मग तो नीटच होता तरी पुन्हा सोडवून पुन्हा केला. रस्त्यानं चालताना लोकांचे पाय बघायचा. चौकीच्या मुख्य अधिकाऱ्याला जाऊन सांगावं असं दिवसातून दहादा वाटायचं. दोनदा चौकीच्या पायऱ्या चढला, आणि अधिकारी समोर आल्यावर भरती कधी आहे असं विचारून खाली उतरला. दुसऱ्यांदा अधिकाऱ्यानं भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं आणि विचारलं की मासेमारी सुरू केलीत की काय. न सांगितलं आणि एखादा माणूस बुडाला तर? सांगितलं आणि ती आयुष्यात परत बोललीच नाही तर? बायको म्हणाली, "सांगायचं तर सांग, नाहीतर गप्प बस. दोन्ही अर्धं अर्धं करू नकोस." त्याला दोन्ही अर्धं अर्धंच येत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी धाकटी दुकानात आली. अंगात चौकीचा लाल गणवेश, अजून ओला, गुडघ्याला वाळू चिकटलेली. तो करवतीच्या मशीनवर होता. त्यानं मशीन बंद केलं. ती पाइनच्या पट्ट्यांच्या ढिगावर बसली. मग सांगितलं.

बारा वाजायच्या सुमाराला एक मध्यमवयीन माणूस परतणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडला, भराभर आत जायला लागला. तिच्या मनोऱ्यापासून सगळ्यात जवळ. ती उतरली, धावली, आणि वाळूत तिचं पाऊल दुमडलं. तोंडावर पडली. उठली, पुन्हा धावली. तोवर पलीकडच्या मनोऱ्यावरचा तिचा जोडीदार, दुप्पट अंतरावरून, तिच्या बाजूनं निघून गेला. त्यानंच त्या माणसाला बाहेर काढलं. माणूस वाचला, खोकला, रडला, दोघांचेही आभार मानून घरी गेला. कोणी तिला काही म्हटलं नाही. वाळूत कोणीही पडतं.

"तो दुप्पट लांबून आला, दादा," ती म्हणाली. "मी पडल्या पडल्या त्याची पाठ बघितली."

भिंगरी हातातला भुसा झटकत उभा होता. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नको हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो तिच्या शेजारच्या पट्ट्या सारख्या करत राहिला.

"डॉक्टरकडे येशील का बरोबर?" तिनं विचारलं.

ते तसेच निघाले, तो भुशानं माखलेला आणि ती ओली. पण निघायच्या आधी तिनं त्याच्याच फोनवरून अधिकाऱ्याला सगळं सांगितलं, त्याच्यासमोर, न थांबता. त्याला बाहेर जायला सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला टाचांवर चालायला सांगितलं. डावी टाच चालली. उजवं पाऊल पडक्या झडपेसारखं खाली आलं. पुढच्या तपासण्यांत कळलं की कमरेतल्या मणक्यांमधली चकती सरकून नसेवर दाबतेय. ऑपरेशन करावं लागेल. हे आधीच का नाही दाखवलंत, असं बाईंनी विचारलं, आणि भाऊ-बहीण दोघंही जमिनीकडे बघायला लागले. बाईंनी खोटा धीर दिला नाही. नस फार दिवस दबलीय, पाय किती परत येईल ते आज सांगता येणार नाही, सगळा येईलच असं मी म्हणणार नाही, असं त्या म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी भिंगरीनं दवाखान्याच्या बोळात इतक्या येरझाऱ्या घातल्या की फरशी पुसणाऱ्या बाईंनी त्याला एक बाजू ठरवून दिली. तुम्ही त्या भिंतीकडून, मी या भिंतीकडून, म्हणाल्या. बायको बाकावर बसून होती, मांडीवर धाकटीचे कपडे.

पाचव्या आठवड्यात अंगठा हलला. तोही इतका थोडा, की भिंगरीला दिसला आणि धाकटीला नाही. ती म्हणाली तुला भास होतोय. त्यानं तिच्या अंगठ्यामागे कागद धरला, पेन्सिलनं खूण केली आणि सांगितलं, पुन्हा हलव. अंगठा खुणेपासून सुटला. मग ती रडली. त्या दिवसापर्यंत रडली नव्हती.

पाय आला, पण पुरता नाही. टाचेवर ती दहा पावलं चालायची, अकराव्याला पाऊल पडायचं. अंगठ्याचा बधिरपणा तसाच राहिला. परीक्षा तिनं पुढच्या वर्षी दिली, सगळ्यांनी नको म्हणत असताना. पोहण्यात पहिली आली, धावण्यात वीस सेकंदांनी नापास. चौकीनं तिला मनोऱ्यावर टेहळणीला आणि नव्या भरतीला शिकवायला ठेवलं. लोक म्हणाले, बरं झालं, सावलीतलं काम मिळालं. तिला ते अजिबात बरं वाटलं नाही. महिनाभर ती कामाची वेळ सोडून किनाऱ्याकडे फिरकली नाही. भिंगरी तिच्या माडीवर जायचा, काहीतरी दुरुस्त करायचा, तिच्याशी बोलायला गेला की ती म्हणायची नळ गळतोय तो बघ. नळ गळत नसायचा.

मग एका सकाळी ती स्वतःच दुकानात आली आणि विचारलं, "फळी कुठाय?"

फळी वरच्या दांड्यांवर होती. दोघांनी उतरवून टेबलावर घेतली. भिंगरीनं सवयीनं पेन्सिल उचलली आणि विचारायला तोंड उघडलं, पण तिनंच सुरुवात केली. फळी पाठ वर करून जमिनीवर ठेवायला लावली, तिच्यावर उभी राहिली आणि पाय कुठे पडतो ते दाखवलं. इथे पडतो. इथपर्यंत ओढता येतो. इथे दाबला तर पोटरीत जोर आहे, याच्या मागे नाही. अंगठा कुठे आहे ते मला कळत नाही, खाली बघावं लागतं, आणि खाली बघितलं की लाट गेली. एका दमात ती जितकं बोलली तितकं गेल्या वर्षात मिळून बोलली नसेल. भिंगरी खडूनं खुणा करत गेला.

फिन मूळ जागेपासून दीड इंच पुढे ठरली. कप्तानची जागाही नाही आणि ती तीन इंचांची जागाही नाही. आणि फळीच्या पाठीवर, तिच्या मागच्या पायाची टाच जिथे टेकायला हवी तिथे, त्यानं बोटभर जाडीची एक आडवी पट्टी गोल करून चिकटवली. टाचेला सगळं कळत होतं. टाच पट्टीला लागली की पाय जागेवर आहे, बघायची गरज नाही. ही युक्ती त्याची. पट्टी तिरकी हवी, ही तिची. दोघांत त्यावरून अर्धा तास वाद झाला आणि पट्टी तिरकी लागली.

किनाऱ्यावर गेले तेव्हा वारा होता, लाटा विस्कटलेल्या. पहिल्या लाटेवर ती उभीच राहू शकली नाही. दुसरीवर राहिली आणि सरळ किनाऱ्यापर्यंत आली, न वळता, नुसती ताठ. तिसरीवर तिनं मागे दाबलं. भिंगरी वाळूवरून बघत होता. उजवी टाच पट्टीला टेकली, गुडघा वाकला, आणि फळीचं नाक सावकाश डावीकडे आलं. फार सुंदर वळण नव्हतं. मध्येच शेपटी थोडी घसरली, ती डगमगली, सावरली आणि लाट संपल्यावर कडेला पडली.

ती उठली आणि पुन्हा आत निघाली. भिंगरी बुटांसकट पाण्यात उतरला होता, ते त्याला घोट्याला गार लागल्यावर कळलं. शेपटी घसरली ती फिनमुळे की वाऱ्यामुळे, हे त्याला ओरडून विचारायचं होतं, पण ती ऐकू येण्यापलीकडे गेली होती. मागे रस्त्यावरून बायको हाक मारत होती, तिला दुकान उघडायचं होतं आणि गाडीची किल्ली याच्या खिशात होती. तो आलोच म्हणाला आणि दोन पावलं आणखी पुढे गेला.